गेट पास विसरणाऱ्याची बायको

माझी बायको माणिक लांब पल्ल्याची धावपटू होती, असं मी सांगितलं की नवखा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे, आणि मान डोलावून म्हणतो, "पळणारच त्या." मी हे मनाला लावून घेत नाही. तिच्या धावण्याला मी कारणीभूत आहे हे खरंच आहे. फक्त ती माझ्यापासून पळत नव्हती, माझ्या मागे पळत होती. असं भाग्य फार थोड्या नवऱ्यांच्या वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते विसरभोळेपणामुळे आलं.

आम्ही मूळचे आर्वीकडचे. भिलाईच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो आणि सेक्टर दोनमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. टाइम ऑफिस म्हणजे कोण वेळेवर आलं आणि कोण उशिरा, याची नोंद ठेवणारं खातं. दुसऱ्यांच्या नावापुढे लाल खूण करण्याचा पगार मला मिळे आणि मी स्वतः रोज काहीतरी घरी विसरून येई. डबा विसरला तर उपाशी राहता येतं. चष्मा विसरला तर लाल खुणा अंदाजानेही करता येतात. पण गेट पास विसरला तर मेन गेटवरचा जवान, काल संध्याकाळी तुमच्याच डबीतली तंबाखू खाल्लेली असली तरी, तुम्हाला जन्मात न पाहिल्यासारखा हात पुढे करतो आणि म्हणतो, "पास?"

तर मी सकाळी सायकलवर टांग टाकून निघायचो आणि गेट पास रेडिओवर तसाच पडलेला असायचा. माणिकच्या लक्षात येईपर्यंत मी चौक ओलांडलेला. सुरुवातीला ती दारातून हाक मारायची, "अहोऽऽ!" पण भोंगा व्हायच्या बेतात असताना त्या रस्त्यावर सायकलवरून ड्यूटीला जाणारे नवरेच नवरे असतात. एका सकाळी तिच्या एका 'अहो'ने सगळ्यांनी ब्रेक दाबले आणि मागचे पुढच्यांवर जाऊन पडले. मी मात्र थांबलो नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी बायको असेल.

त्या दिवसापासून माणिकने हाक मारणं सोडलं आणि पदर खोचला.

मग ती नुसती धावायची. सायकलींच्या गर्दीतून वाट काढत, चपला हातात घेऊन, एकेकाला मागे टाकत ती माझ्या कॅरियरपर्यंत यायची, चालत्या सायकलवर माझ्या शर्टाच्या खिशात गेट पास कोंबायची आणि म्हणायची, "येतानी सांभार आनजा जी." (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तीही मी विसरायचो.) मग ती वळून परत धावत जायची. आम्हा दोघांत धाप लागलेला मी असायचो.

हा प्रकार ओमप्रकाशजींच्या नजरेला पडला. ओमप्रकाशजी आमच्याच कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी मैदानावर पोरापोरींना धावायला शिकवायचे. ते सायकलवर असताना माणिकने त्यांनाही एकदा पळत मागे टाकलं होतं. ते संध्याकाळी थेट आमच्या क्वार्टरवर आले.

"भाभीजी, आपको दौड़ना किसने सिखाया?"

माणिकने माझ्याकडे बोट केलं. ओमप्रकाशजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मधे बराच वेळ थांबून. "इन्होंने?"

"इनकी भूलने की आदत ने."

अशी तिची कारकीर्द सुरू झाली. चपला जाऊन कॅनव्हासचे बूट आले, साडी जाऊन सलवार आली, आणि मी तिचा मॅनेजर झालो. मॅनेजरचं काम म्हणजे सायकलवर तिच्या बाजूने जायचं आणि ग्लुकोजच्या पाण्याची बाटली धरायची. ती फार पुढे गेली की बाटली मलाच संपवावी लागे. त्या काळात माझं वजन वाढलं, त्याचा दोष मी ग्लुकोजला देतो.

आमच्या मराठी मंडळात साहजिकच चर्चा झाली. मंडळाचे सेक्रेटरी जानराव आमच्या शेजारीच राहत. त्यांच्या सौभाग्यवती शीलावहिनी म्हणाल्या, "बाईमानसानं असं रस्त्यानं पळावं, बरं दिसते का?"

जानरावांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "पळू दे ना वं. शेवटी घराकडंच पळत येते ना?"

तिथून पुढे मंडळ माणिकच्या पाठीशी उभं राहिलं. आणि आमचं मंडळ पाठीशी उभं राहिलं की माणसाला पुढे पडायची भीती असते, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

भिलाईत दर हिवाळ्यात एक मोठी दौड व्हायची, दहा किलोमीटरची. बायकांत पहिल्या तिघींना राज्याच्या स्पर्धेसाठी भोपाळला पाठवत; भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. माणिक पहिल्या वर्षी चौथी आली. दुसऱ्या वर्षी ती जीव तोडून धावली आणि पुन्हा चौथी आली. पहिलीला कप असतो, दुसरीला आणि तिसरीला त्याहून लहान कप असतात, चौथीला लोक येऊन सांगतात की थोडक्यात हुकलं. दोन वर्षं हे ऐकून तिचे कान किटले होते.

एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मले एकदा भोपाळले धावाचं आहे."

"अगं, इथे काय आणि तिथे काय, रस्ता सारखाच."

"रस्ता नाई जी. इथी मी धावली की लोक म्हनते, ते पाहा, सूर्यकांतची बायको, त्याचा गेट पास राहिला वाटते. मले एकदा अशा गावात धावाचं आहे जिथी तुमाले कोनी ओळखत नाई."

भाकरी तव्यावर पडली. मी म्हणालो, "असं गाव सापडणं कठीण नाही." बत्तिसावं वर्ष उलटलं होतं तिचं. दोन वर्षं चौथी आलेल्या बाईला आणखी किती हिवाळे मिळणार, हे टाइम ऑफिसातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी योशिकोबाई भिलाईला आल्या.

त्यांचा नवरा जपानी इंजिनीअर होता, कुठलंसं यंत्र बसवायला काही महिन्यांसाठी आलेला. बाई पहाटे एकट्याच रस्त्याने धावायच्या. पहिल्या दिवशी दूधवाल्याला वाटलं, त्यांच्या मागे कुत्रं लागलंय. त्याने सायकल थांबवून कुत्र्याला मारायला दगड उचलला, आणि कुत्रं कुठे दिसेना तेव्हा तो बुचकळ्यात पडला. माणिकला मात्र पाहताक्षणी कळलं. ती त्यांच्या बाजूने धावू लागली. माणिकला जपानी येत नव्हती, योशिकोबाईंना मराठी-हिंदी येत नव्हती, आणि इंग्रजीत दोघीही माझ्यासारख्याच होत्या. दोघींची सामाईक भाषा म्हणजे धाप. पण बायका धापेतही बरंच बोलू शकतात. महिनाभरात माणिक मला सांगू लागली की योशिकोच्या सासूचा स्वभाव जरा कडक आहे.

एका रविवारी योशिकोबाई आमच्याकडे जेवायला आल्या. दारात बूट काढले, टाचा जुळवून नीट जोडीने लावून ठेवले, मला वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा वाकलो. माणिकने आतून हाक मारली, "जेवन थंड होऊन राहिलं," तेव्हा कुठे माझी कंबर सुटली.

जेवणानंतर त्यांनी आपली कारकीर्द सांगितली. सांगितली म्हणजे दाखवली. हातांनी सुताची रिळं फिरवून दाखवली: शाळा संपल्यावर त्या सूतगिरणीत लागल्या. मग बोटं टेबलावर पळवली: त्या गिरणीचा धावणाऱ्या मुलींचा संघ होता. सकाळी धावायचं, मग कामाला जायचं, संध्याकाळी पुन्हा धावायचं. खांद्यावरून एक पट्टा काढल्यासारखं केलं आणि तो माणिकच्या गळ्यात घातला: तिकडे मुली टप्प्याटप्प्याने धावतात आणि आपल्या घामाने भिजलेला पट्टा पुढचीच्या हातात देतात. मग त्यांनी आमटीच्या दोन वाट्या घेतल्या. एक पुढे ठेवली, एक तिच्या मागे. तोंडाने फू-फू करून वारा दाखवला. पुढची वाटी वारा अंगावर घेत सरकते आहे, मागची तिच्या आडोशाने येते आहे. मिठाच्या बरणीजवळ आल्यावर पुढची वाटी बाजूला झाली, थांबली. मागची वाटी सुसाट बरणीला जाऊन लागली.

योशिकोबाईंनी पुढच्या वाटीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

मी मॅनेजरच्या नात्याने समजावून सांगितलं, "म्हणजे या हरायच्या."

माणिकने माझ्याकडे नेहमी बघायची तसं बघितलं. "हरायच्या नाई जी. दुसरीले जितवाच्या."

शेवटी योशिकोबाईंनी गुडघ्यावर हात आपटला, कचकन आवाज केला, आणि टेबलाशी बसून शिक्के मारण्याची खूण केली. गुडघा गेला, गिरणीने ऑफिसात बसवलं, मग लग्न झालं. एवढं दाखवून त्या हसल्या आणि वाट्या धुवायला उठल्या.

आता दौडीचं सांगतो. योशिकोबाईंना पाहुण्या म्हणून धावायची परवानगी मिळाली. त्यांचा नंबर धरणार नव्हते. पहिल्या दोघी ठरल्यासारख्याच होत्या, दोघी रेल्वेतल्या आणि हाडाच्या धावपटू. खरी चुरस तिसऱ्या जागेची. तिथे माणिक होती आणि दुर्गच्या कॉलेजातली तारा नावाची एक पोरगी, गेल्या वर्षी तिसरी आलेली.

आणि इथे मंडळाची सभा भरली.

आमच्या मंडळात कुणाचं काही चांगलं झालं की बायका त्याला ओवाळतात. बढती झाली, ओवाळा. पोरगं मॅट्रिक झालं, ओवाळा. गावाकडे जे एकदा करतात ते आम्ही भिलाईकर दोनदा करतो, इतक्या लांब राहून काही कमी पडायला नको म्हणून. तर दोन्ही वर्षी शीलावहिनी ताम्हन, निरांजन, कुंकू, पेढे घेऊन शेवटच्या रेषेवर उभ्या होत्या, आणि माणिक चौथी आल्यामुळे निरांजन विझवून घरी परतल्या होत्या. चौथीला ओवाळावं की नाही याबद्दल मंडळाच्या घटनेत काही नव्हतं.

"यंदा मी येनार नाई," शीलावहिनी म्हणाल्या. "दोन सालापासून पेढे वापस आनून राहिली मी. अपशकुन वाटते मले."

तेव्हा मला कल्पना सुचली. अशा वेळी मला कुणी तरी खुर्चीला बांधून ठेवायला हवं. मी म्हणालो, "वहिनी, शेवटच्या रेषेवर कशाला? दौड आपल्या सेक्टर दोनच्या चौकातून जाते. तिथेच ओवाळा. तिथे अजून निकाल लागलेला नसतो. चौथी नाही, पाचवी नाही. मान राहतो आणि पेढेही कारणी लागतात."

सभेने टाळ्या वाजवल्या. जानराव म्हणाले, "याच्या डोक्यात असं काई येते, मले वाटलं नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं ते असं: माणिक धावत येते आहे, बायका लांबून निरांजन फिरवताहेत, ती हात हलवून निघून जाते. धावत्या माणसाला ओवाळायची पद्धतच नाही, हे त्या चित्रात आलं नाही. माणिकला अर्थातच काही सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

दौडीच्या सकाळी मी चौकात गेलो. रस्त्याच्या मधोमध रांगोळी होती आणि रांगोळीच्या मधोमध पाट होता.

"पाट कशाला?" मी विचारलं.

"मंग?" शीलावहिनी म्हणाल्या. "उभ्यानं ओवाळते का कोनी?"

मी आणखी काही बोलणार तोच चौकाच्या टोकाला गलका उठला. रेल्वेच्या दोघी आधीच निघून गेल्या होत्या. आता योशिकोबाई येत होत्या, ताठ, वारा अंगावर घेत, आणि त्यांच्या पाठीशी, अगदी वाटीमागे वाटी, माणिक. तारा बरीच मागे, ठिपक्याएवढी. माणिक तिसरी होती! मी ओरडलो. मंडळही ओरडलं. आणि ओरडता ओरडता बायकांनी रस्ता अडवला.

माणिकला थांबावंच लागलं. समोर पेटलेलं निरांजन असलं की आमच्यातली बाई आगगाडी असली तरी थांबते.

"अवो वैनी, हे काय? सोडा ना मले!"

"दोन मिनिटं वं माणिक, कुंकवाले नाई म्हनू नये." शीलावहिनींनी तिच्या घामाने निथळणाऱ्या कपाळावर अंगठाभर कुंकू दाबलं. दुसरीने अक्षता टाकल्या. तिसरीने पेढा अख्खा तोंडात कोंबला.

"बसवा पाटावर!"

"तोंड पूर्वेला करा!" जानराव ओरडले. पूर्व नेमकी माणिक ज्या दिशेने आली तिकडे होती. चौघींनी धरून माझ्या बायकोला उलटं फिरवलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तारा ठिपक्याची पोरगी होत गेली, आणि बघता बघता बाजूने निघून गेली.

माणिक चौथी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडात पेढा असल्यामुळे ती काही बोलू शकली नाही, एवढीच माझ्यावर देवाची कृपा.

योशिकोबाई थांबल्या होत्या. त्यांनी पाटाकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं, माणिककडे पाहिलं. मग त्या शांतपणे पुढे आल्या, खाली वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. बूट काढले. जोडीने, टाचा जुळवून, रांगोळीच्या कडेला लावून ठेवले. आणि पाटावर गुडघे मुडपून, पूर्वेला तोंड करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

"अगं बाई! पाहुनी बसली!" शीलावहिनी विरघळल्या. सगळं ताम्हन तिकडे वळलं. योशिकोबाई पहिलीला वाकल्या. पहिली वाकली. त्या दुसरीला वाकल्या. ती वाकली. मग पहिलीला वाटलं आपण कमी वाकलो, म्हणून ती पुन्हा वाकली. मला माझी रविवारची कंबर आठवली. हे आता लवकर संपणार नव्हतं. आणि तेवढ्यात मी पाहिलं: योशिकोबाईंचा एक हात पाठीमागे गेला होता, आणि त्याची बोटं माणिकला सांगत होती, जा, जा, जा.

माणिक गेली.

मी सायकल काढून निघालो. एरवी गेट पास घेऊन ती माझ्या मागे असायची, आज मी तिच्या मागे होतो. तिच्या कपाळावरचं ओलं कुंकू घामाबरोबर नाकावरून, गालांवरून, हनुवटीवरून ओघळत होतं. एका गालात पेढा होता. ओवाळणीचा, म्हणून थुंकवत नव्हता, आणि त्या श्वासात गिळवतही नव्हता. रस्त्याच्या कडेचे लोक तो अवतार बघून हबकले. "अरे खून! खून निकल रहा है!" आणि मग टाळ्यांचा असा पाऊस पडला की तसा मला प्रमोशनलाही मिळाला नाही. (मला प्रमोशन मिळालंच नाही, ते वेगळं.)

ताराने टाळ्या ऐकून मागे पाहिलं. लाल तोंडाची, फुगलेल्या गालाची एक बाई आपल्याकडे धावत येते आहे! दुसरी कुणी असती तर घाबरून आणखी जोरात पळाली असती. ही पोर थांबली.

"दीदी! लग गया क्या? कहाँ लगा?"

माणिकने नाही नाही अशी मान हलवली. पेढ्यामुळे तिला बोलता येईना. पाय मात्र थांबले नाहीत. ती ताराच्या बाजूने पुढे गेली, आणि तारा पुन्हा वेग घेईपर्यंत रेषा आली होती.

माणिक तिसरी आली.

रेषेवर कंपाउंडरने तिला खुर्चीवर बसवलं आणि कापूस घेऊन जखम शोधू लागला. बराच वेळ शोधून म्हणाला, "ये तो कुमकुम है." तोवर फोटो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात तो छापून आला, खाली लिहिलं होतं, 'लहूलुहान होकर भी नहीं रुकी भिलाई की बहू'.

पेढा गिळल्यावर माणिकचा पहिला प्रश्न होता, "चौकातलं कोनं ठरवलं होतं?"

ओमप्रकाशजी, जानराव, शीलावहिनी, अनवाणी चालत हातात बूट घेऊन आलेल्या योशिकोबाई, इतकंच नव्हे तर तो कंपाउंडर, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंपाउंडरला कसं कळलं, मला अजून समजलेलं नाही.

मी म्हणालो, "पण कुंकू नसतं तर तारा थांबली असती का? म्हणजे एका अर्थी तुझा नंबर मीच..."

"चूप बसा जी."

मी बसलो. ती काही खूश दिसत नव्हती. कप मांडीवर घेऊन ताराकडे बघत होती. तारा पाणी पीत होती आणि लोक तिला येऊन सांगत होते की थोडक्यात हुकलं.

"ते पोरगी थांबली म्हनून मी पुढं गेली," माणिक म्हणाली.

"मग? तिला देऊन टाकतेस की काय जागा?"

तिने कप घट्ट धरला. "नाई. दोन साल चौथी आली मी. मी जाईन भोपाळले. तिच्यावानी चांगली नाई मी." मग जरा थांबून, "पन पुढच्या साली तिच्यापुढं मी वाटी होईन."

भोपाळला निघायच्या दिवशी दुर्ग स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. ताराही आली होती, माणिकसाठी संत्री घेऊन. सामान मी चढवलं, म्हणजे हमालाला चढवायला सांगितलं. गाडी हलली, माणिक दारात उभी राहून हात हलवू लागली, मीही हात हलवू लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की मी जो हलवतो आहे त्या हातात तिच्या बुटांची पिशवी आहे.

मी धावलो. होय, मी. आयुष्यातली ही माझी एकमेव दौड. पोट पुढे, पिशवी वर, धोतरवाल्यांच्या आणि चहाच्या गाड्यांच्या मधून. माणिक दारातून ओरडत होती, "हात सैल सोडा जी! खांदे नका उचलू!" पहिला डबा माझ्या बाजूने पुढे गेला, मग दुसरा. पाण्याच्या नळापाशी माझं सगळं संपलं. तेवढ्यात मागून कुणी तरी माझ्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली आणि वाऱ्यासारखं पुढे गेलं. तारा होती. प्लॅटफॉर्मच्या उतारावर तिने पिशवी माणिकच्या हातात दिली.

योशिकोबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी खांद्यावरून पट्टा काढून पुढे दिल्याची खूण केली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्या आदराने वाकल्या. मला वाकता आलं नाही. मी आधीच वाकलेलो होतो.

ओमप्रकाशजी म्हणाले, "भाईसाहब, आप बैठ जाइए. आपका हिस्सा हो गया."

बाकावर बसल्यावर खिसा चाचपला. गेट पास नव्हता. मी विसरू नये म्हणून माणिकने सकाळीच तो आपल्या पर्समध्ये ठेवला होता. आता तो भोपाळला निघाला होता. ती परत येईपर्यंत मला रजा टाकावी लागली, आणि टाइम ऑफिसात माझ्या नावापुढे माझ्याच लाल पेन्सिलीने खुणा झाल्या.

भोपाळला माणिक बरीच मागे राहिली. कितवी आली ते तिने सांगितलं, पण तिचा चेहरा बघण्यात ते माझ्या डोक्यात राहिलं नाही. "कोनीच विचारलं नाई तुमाले," ती म्हणाली. तिला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

योशिकोबाई उन्हाळ्याआधी परत गेल्या. पुढच्या हिवाळ्यातली दौड त्यांच्याशिवाय झाली.

त्या दिवशी चौकात मंडळ पुन्हा जमलं होतं, मात्र रस्त्याच्या कडेला, माणिकच्या सक्त ताकिदीवरून. माणिक पुढे होती, ताठ, थंडीचा वारा अंगावर घेत. तिच्या पाठीला लागून तारा. चौकात आल्यावर माणिक बाजूला झाली आणि तिने नुसता हात केला. तारा तिच्या जवळून सुटली ती पुढच्या वळणापर्यंत दिसत राहिली. त्या वर्षी तारा दुसरी आली.

माणिक कडेला आली. वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, टाचा जुळवून रांगोळीशेजारी ठेवले.

"वैनी, आता ओवाळा," ती पाटावर बसत म्हणाली. "आता सवड आहे मले."

शीलावहिनींनी कुंकू लावलं, अगदी बेताचं. निरांजनाच्या उजेडात माणिक वळणाकडे बघत होती, जानरावांनी दोनदा "पूर्वेला" म्हटलं तरी. मला काही तरी करायला हवं होतं. मी खिशात हात घातला आणि मोठ्या अभिमानाने गेट पास काढून तिच्यापुढे धरला.

"बघ. आज विसरलो नाही."

तिच्या तोंडात पेढा होता. तो सावकाश संपवून ती म्हणाली, "आज रविवार आहे जी."